तक्रार एकही नाही

वहिनीला ऑफिसात 'मीटर' म्हणतात. व्होल्ट मोजायचं मीटर तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी असतं. श्वासाला मदत करणारी घरगुती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ती लिनक्स कर्नलचं, म्हणजे यंत्र आतून चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, काम बघते. तसलं एक यंत्र आमच्याच घरी, बाबांच्या उशाशी आहे. नवं सॉफ्टवेअर आधी बाबांच्या यंत्रात घालायचं, त्यांची कुरकुर निस्तरायची, मगच बाकीच्या घरांना पाठवायचं, हा तिचा शिरस्ता.

"सासऱ्याचा उंदीर केलाय हिने," बाबा म्हणायचे.

"उंदीर एवढी कटकट करत नाहीत, बाबा," वहिनी म्हणायची.

या खेपेचं काम मोठं होतं. पूर्वी कर्नलमध्ये फक्त या यंत्राच्या सर्किट बोर्डापुरती एक फाइल होती. यंत्र सुरू झालं की ती पंगतीत वाढावं तशी सगळ्या भागांना वीज वाढायची, कुणी मागो न मागो. "दर नव्या बोर्डाला नवी फाइल, कुठवर लिहू?" म्हणत वहिनीने ती काढून टाकली. आता प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरने, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, आपली वीज आपण मागायची, काम झालं की सोडायची. एखादी विजेची तार मागणारं कुणी उरलं नाही, की कर्नल ती बंद करणार.

ते घातल्यावर बाबांचं यंत्र मुकाट झालं. घरात इतकी शांतता, की मी उगाच रेडिओ लावून ठेवायचे. बाबांनी पहिल्यांदाच नाक मुरडलं नाही, म्हणून सोमवारी सकाळी वहिनीने ऑफिसला होकार कळवला.

दुपारी बाबा आरशासमोर दाढी करत होते. श्वासाची नळी काढून गळ्यात टाकलेली.

"सूनबाई, यंत्र शहाणं झालं हो तुझं. आधी नळी काढली की बोंब ठोकायचं. आता हूं की चूं नाही."

वहिनीचा कप ओठांपाशीच थांबला. "कधीपासून?"

"नवीन घातलंस तेव्हापासून. मला वाटलं, माझ्यासाठी बंद केलंस."

"मग बोलला का नाहीत?"

"बरं चाललेलं कोण सांगत बसतं?"

यंत्राचा पडदा काळा होता. वहिनीने बोट टेकवलं. पडदा उजळला आणि भोंगा असा किंचाळला, की बाबांचा गाल कापला. ती हात मागे घेऊन उभी राहिली. थोड्या वेळाने पडदा विझला. भोंगा मध्येच तुटला.

"पडदा आणि भोंगा एकाच तारेवर आहेत," ती म्हणाली. "भोंग्याचा ड्रायव्हर वीज मागतच नाही. मी लिहिलंच नाही ते. जुनी फाइल आयती देत होती. पडदा झोपला, की हा मेला."

"ऑफिसात तपासलं नव्हतंस?" मी विचारलं.

"तपासलं की. पडद्यावर चाचणी सुरू करायची, मग नळी ओढायची. आमचा पडदा कधी झोपलाच नाही."

तिने ऑफिसातल्या जोडीदाराला फोन लावून नवं सॉफ्टवेअर कुठवर गेलं ते विचारलं.

"सकाळीच गेलं सगळ्या घरांत," तो म्हणाला. "का गं?"

"जुनं परत पाठव. आत्ता. आणि सगळ्यांचे नंबर दे."

"अगं, पण एवढं काय झालं? तक्रार एकही नाही."

वहिनीने फोन ठेवला. नंबर आले तशी तिने पहिला फिरवला.

पलीकडे घंटा वाजत राहिली. बाबांनी अर्ध्या दाढीनिशी, कुणी न सांगता, नळी नाकाला लावली.