विहिरीपर्यंत

मालवणहून तारकर्लीकडे जाताना उजव्या हाताला, माडांच्या आत, सरकारी विश्रामगृह होतं. मुळात साहेबांच्या मुक्कामासाठी बांधलेलं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ते भाडं देईल त्या कुणालाही खुलं झालं. मुंबई-पुण्याची माणसं समुद्र बघायला येत आणि जेवणात मासे मागत. ते मासे मी देत असे. मासे घेऊन आणखी काही बायकाही येत, पण त्यांना मी फार दिवस टिकू दिलं नाही.

मी चौथी शिकलेली, ऐन तरुणपणी विधवा झालेली. होडी दिराकडे गेली आणि मला टोपली मिळाली. त्या टोपलीवर मी घर बांधलं, बर्फाचा धंदा केला, मालवणात खानावळ काढली. कुणी हात दिला म्हणून नाही. भाव करता येत होता म्हणून. माझं तोंड वाईट आहे असं गाव म्हणतं. म्हणू दे. माझ्याबरोबर निघालेल्या गोड तोंडाच्या बायकांच्या टोपल्या अजून डोक्यावरच आहेत.

विश्रामगृहाचा आचारी आंबोलीचा, वर घाटातला. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला बांगडा आणि तारली यातला फरक कळत नव्हता. तो त्याला माझ्याशी भांडून भांडून कळला. सकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर टोपली उतरवली की तो हात पुसत बाहेर येई.

"आज काय हाडलंस गो?"

"डोळे आसत मां तुका? बघ."

तो वाकून बघे, नाक मुरडे. "हे बांगडे कालचे."

"बोट लावून बघ, चावतले तुका!"

"चावतले कशे? दात पडले त्यांचे म्हातारपणान."

मग मी त्याच्या आंबोलीचा उद्धार करी, तो माझ्या जिभेचा. शेवटी तो उठे. "रवांदे तुझे बांगडे तुका," म्हणून कळशी घेऊन अंगणातल्या विहिरीकडे चालू लागे. विहिरीशी पोचला की पाठ माझ्याकडे करून उभा राही, सावकाश दोर सोडी. बादली वर येईपर्यंत मी हाक मारायची. नाही मारली तर सौदा मोडला.

"ये रे मेल्या, घेवन जा!"

तो काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत येई. कधी मीच टोपली उचलून विहिरीपर्यंत जाई, तेव्हा त्याला हाक मारावी लागे. ज्यानं हाक मारली त्यानं पडतं घ्यायचं, हे आमच्यात न बोलता ठरलं होतं. विहिरीच्या पलीकडे मात्र दोघांपैकी कुणीही कधी गेलं नाही.

सौदा झाला की मी वाटे लावून द्यायची आणि वर एक बांगडा टाकायची. तो बांगडा पाहुण्यांचा नव्हे. तो आचारी निखाऱ्यावर भाजायचा, नुसतं मीठ लावून. अर्धा त्याच्या भाकरीबरोबर, अर्धा केळीच्या पानावर माझ्यापुढे. पहाटेपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नसे. आम्ही ओट्यावर बसून गप्प खात असू. भांडण संपल्यावर बोलायला काही उरत नसे.

पुढे विश्रामगृह तोट्यात चाललंय अशी ओरड झाली आणि खात्यानं मुंबईहून दोन सल्लागार आणले. ते सरकारी नोकर नव्हते. हॉटेलं कशी चालवावीत हे सांगणं हाच त्यांचा धंदा होता. सरकारला स्वतःचं घर चालवायला बाहेरचा माणूस विचारावा लागतो, याचं गावात हसू झालं. मी हसले नाही. माणसं हुशार होती. प्रत्येक खोलीत झोपून बघत, उशांचा वास घेत, संडासाच्या कड्या स्वतः लावून बघत. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मच्छरदाण्या आल्या, संडास नीट झाले, मोटार स्टँडवर पाहुण्यांना घ्यायला माणूस जाऊ लागला. खोल्या भरू लागल्या. हे मी नाकारत नाही.

त्यातल्या थोरल्यानं मला कचेरीत बोलावलं.

"बाई, स्वयंपाक करणाऱ्यानं खरेदी करू नये, असा नियम आम्ही सुचवलाय. मासे एकाच माणसाकडून, ठरलेल्या भावानं, वजनावर घ्यायचे. तुम्ही द्याल का?"

कचेरीत मी शुद्ध बोलायची. "देईन की साहेब. पण भाव परवडायला हवा." आणि असा भाव सांगितला की तो ऐकून आचारी विहीर ओलांडून थेट आंबोलीला पोचला असता.

"ठीक आहे," सल्लागार म्हणाला.

पुढच्या चार उत्तरांची मी तयारी करून गेले होते. ती तशीच तोंडात राहिली. जन्मात पहिल्यांदा कुणी माझा पहिला शब्द मान्य केला होता आणि मला कुणी तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं. तरी घरी जाताना मी खूश होते. बाकीच्या बायका कायमच्या गेल्या होत्या. ओटा आता माझा एकटीचा, असं मी धरून चालले.

ओटाच गेला. मासे मागच्या कोठीच्या खिडकीतून द्यायचे. तिथं कारकून काटा घेऊन बसे. वजन झाल्यावर मी सवयीनं वर एक बांगडा टाकला, तर त्यानं तो उचलून परत दिला. "जास्त होतंय, बाई."

आतल्या दारातून आचारी दिसे. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आज बांगडे कालचे आसत हां!"

तो चुलीकडे बघतच म्हणे, "माका काय त्याचा? कारकुनाक सांग."

त्याचा पगार वाढला होता, डोक्यावर पांढरी टोपी आली होती. त्यानं एकदा तरी साहेबांना सांगायला हवं होतं, 'मासे मी बघून घेईन.' माझ्याशी इतकी वर्षं भांडणारा माणूस त्यांच्यापुढे पहिल्याच शब्दाला मान डोलावून मोकळा झाला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

एके सकाळी मी खिडकीशी असताना तो मागच्या दारानं बाहेर आला. हातात ट्रंक होती.

"जातंय गो."

"जा. कोण धरून ठेवता तुका?"

तो चालू लागला. विहिरीशी पोचला आणि ट्रंक खाली ठेवली. पाठ माझ्याकडे. हात दोरावर.

आत कारकून म्हणत होता, "बाई, पुढचे ठेवा काट्यावर." मी ठेवत होते आणि बाहेर बघत होते. मनात म्हटलं, हाक मारायची पाळी आज त्याची आहे. आधी गप्प तो बसला, मी नाही. वळू दे त्याला. त्यानं बादली वर काढली, तोंड धुतलं, ट्रंक उचलली आणि विहीर ओलांडली. माडांपर्यंत गेला तरी मला वाटत होतं, वळेल.

सल्लागारांचा मला राग आहेच. पण खरा राग त्याचा. त्या दिवशी बादली ओढायला त्यानं रोजच्यापेक्षा घाई केली, हे मी आजही शपथेवर सांगेन.

नंतर मुंबईत शिकलेला आचारी आला. चांगला होता. माझा धंदा वाढला. आता खानावळीत कधीतरी मी निखाऱ्यावर बांगडा भाजायला सांगते. ताटात अख्खा येतो, पण अर्ध्यावर माझा हात थांबतो.

बर्फाच्या यंत्राच्या कामासाठी बेळगावला जावं लागे. वाटेत आंबोलीला मोटार थांबली की मी उतरायची. एकदा मध विकणाऱ्याला विचारलं, "खाली मालवणाक सरकारी बंगल्यात आचारी होतो, तो खंय रवता?"

"हयसून आचारी म्हणान गेलेले कितीतरी आसत, बाये. नाव काय त्याचा?"

नाव मी कधी घेतलंच नव्हतं. मेल्या म्हणायची. मी बाटलीचा भाव विचारला, निम्मा करून सांगितला, त्यानं नाही म्हणून मान हलवली तशी चालू लागले. चार पावलं झाली नाहीत तोवर मागून हाक आली, "ये गो बाये, घेवन जा!"

मी परत फिरून त्याला झापलं. "इतक्या बेगीन हाक मारू नये रे! निदान विहिरीपर्यंत तरी जांवदे माणसाक."

तो बिचारा इकडेतिकडे बघू लागला. "हय विहीर खंय आसा, बाये?"

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी बाटली घेतली आणि मोटारीत चढले.