ड्यूटीवर अहिराणी

"मॅडम, मी नोकरी सोडते. काल शेवटची ताकीद मिळाली," वैशाली म्हणाली. तिचा दोन वर्षांचा रुद्र पाळणाघराच्या दारातच तिच्या ओढणीला लोंबकळून ओरडत होता. तो थांबेना, म्हणून आम्ही तिला पुन्हा हॉस्पिटलमधून बोलावून घेतलं होतं.

धुळ्यात माजी सैनिकांची एक संघटना जवानांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवते. मी तिथली व्यवस्थापक. वैशाली सोनगीरची, हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, प्रोबेशनवर. नवरा फील्ड पोस्टिंगला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी. सासू-सासरे दिवसभर शेतात. रुद्रला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"आजचा दिवस थांब," मी म्हटलं आणि रुद्रला घेऊन मुलांच्या खोलीत जाऊन बसले.

मुलं सांभाळायला निंबा आबा होते, निवृत्त हवालदार. माणूस प्रेमळ, पण आवाज परेडचा. "बच्चा लोग, लाइन में बैठो! रोना बंद! दूध पियो!" रुद्रने आणखी मोठं भोकाड पसरलं. घरात सगळे अहिराणी बोलणारे; हिंदी त्याने कधी ऐकलीच नव्हती. हेच आबा चहाच्या वेळी ड्रायव्हरशी किती मऊ अहिराणी बोलत.

"आबा, मुलांशी हिंदी कशाला?"

"ड्यूटी शे ना, मॅडम. ड्यूटीवर हिंदीच."

"ही काय पलटण आहे?"

"ते साहेबले विचारा."

साहेब म्हणजे संघटनेचे अध्यक्ष, अमळनेरचे निवृत्त कर्नल. मी फोन स्पीकरवर लावला.

"साहेब, आबा मुलांशी अहिराणी बोलले तर चालेल?"

"चालेल की. अडलंय कुठे?"

"हुकूम लागेल म्हणतात."

पलीकडून हसू फुटलं. "मग हा हुकूम समजा. निंबा, मुलांशी हिंदी बंद!"

आबा फोनसमोर ताठ उभे राहिले. "जी साब!"

मग रुद्रपुढे उकिडवे बसले. "काय व्हयनं रे भो? भूक लागनी का तुले?"

रडणं अर्ध्यातच थांबलं. रुद्रने त्यांना नीट न्याहाळलं. "दूध नको. भाकर दे."

"बठ्ठासले भाकर!" आबांनी सगळ्या मुलांकडे बघत जाहीर केलं. वैशाली दारातून हसत लॅबकडे पळाली.

ती आता कायम झाली आहे. तक्रार उरलीय ती संध्याकाळची. रुद्र आबांच्या मांडीवरून उठत नाही आणि वैशाली दारात विनवत असते, "चाल ना रे घर!"

पाळणाघरासाठी माणूस घेताना आम्ही पूर्वी फक्त अनुभव विचारायचो. आता घरी काय बोलता, हेही विचारतो. माणूस फौजेतला असेल, तर तसा हुकूम आधीच देऊन ठेवतो.