बाबांची आंघोळ आणि सुनीताचं कपाट

आमच्या दांडी गावातल्या घरात बाथरूम मोठं करायचं की कपाट, हा प्रश्न अखेर बाबांच्या मरणामुळे सुटला. बाबा आज ठणठणीत आहेत.

मागच्या खोलीचं काम काढलं होतं. जागा तेवढीच, बाथरूम वाढलं की कपाट आक्रसणार. सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, भिंतभर कपाट हवं होतं. लग्नापासून तिच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेला लागून आमचे सुके बोंबील! (त्या साड्या नेसून ती लग्नाला गेली की वरातीत मांजरं येत.)

बाबांचं मागणं साधं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना खुर्चीवर बसून आंघोळ करावी लागे. जुन्या न्हाणीत खुर्ची ठेवली की दार लागत नसे, आणि पाणी घालायला मी. उभा जन्म होडीवर काढलेला माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसायचा. मला ते बघवत नसे.

"मला कडी लावून आंगोळ करायची हाय," ते म्हणायचे. "दुसरा काय नको."

मी बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. (म्हणजे शास्त्रीय मार्ग काढायची खोड आलीच!) रविवारी सकाळी मी अंगणात चुन्याने खऱ्या मापाचं बाथरूम आखलं, मधोमध बाबांना खुर्चीवर बसवलं आणि सुनीताला कपाट म्हणून हात पसरून उभं केलं. पाणी कुठवर उडतं ते कळावं म्हणून बाबांच्या डोक्यावर तांब्या तांब्याने पाणी ओतू लागलो. त्यांच्या गुडघ्यांना जागा पुरेना, तेव्हा रेघ पायाने जरा कपाटाकडे सरकवली.

"अवो, रेघ सरकवताय तुमी," सुनीता म्हणाली.

"बाबांनी पाय कुठे ठेवायचे?"

"आन मी साड्या कुठं ठेवायच्या? परत ट्रंकेत?" आणि तिला रडूच कोसळलं.

ऊन कोवळं होतं, पाणी कोमट होतं. बाबांना डुलकी लागली आणि मान छातीवर पडली.

नेमकी तेव्हाच शेजारची हिरामावशी मासळीची पाटी घेऊन कुंपणापाशी आली. आमच्याकडे माणूस गेला की त्याला अंगणातच बसवून शेवटची आंघोळ घालतात. तिने पडलेली मान पाहिली, पाणी घालणारा मुलगा पाहिला, रडणारी सून पाहिली. पाटी खाली ठेवून तिने असा गळा काढला की समुद्र ऐकू येईना! ("मावशी, हे बाथरूम आहे," असं मी दोनदा सांगितलं. दुःखाने याचं डोकं फिरलं, असं समजून धावत आलेल्या दोघा शेजाऱ्यांनी मला धरून खाली बसवलं.) अंगण भरलं. कुणी उमरोळीच्या आत्याला फोन लावला. एकजण तर बांबू घेऊनच आला.

रडारडीने बाबा जागे झाले. एवढी माणसं पाहून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेला?"

सगळ्यांनी हिरामावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "दादा, तू."

बाबांनी चुन्याच्या रेघांकडे पाहिलं, मग जमलेल्या गावाकडे पाहिलं.

"मंग आता तरी दार लावा," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. सुनीताने डोळे पुसले, मग पायाने रेघ पुसली आणि हातभर कपाटात घुसवून नवी ओढली. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

कपाट झालं ते एका माणसापुरतं. तो माणूस मी नव्हे. माझे कपडे बाथरूमच्या खुंटीवर असतात. बाबा सकाळी आत जातात, कडी लावतात, आणि दार वाजवायची माझी छाती होत नाही. परवा त्यांचाच आखूड सदरा चढवून कामावर गेलो. साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"एकदम ठीक, साहेब," मी म्हटलं. "बाबा आंघोळ करताहेत."