अल्पशा आजाराने

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही, आणि त्यांना तर वाटतं, माझं सगळं त्यांना ठाऊक आहे.

एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट असेल. निपाणीत मी सातवीच्या पोरींना शिकवत होते. शनिवारी एक तास पेपरचा. एक मराठी, एक कानडी, तीच बातमी दोन्हींत कशी येते ते बघायचं. फळ्यावर माझे दोन प्रश्न ठरलेले: कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? छापलं म्हणून खरं होत नाही गं, असं मी लई ऐटीत सांगायची.

त्याच साली माझे वडील गेले, सदलग्यात. आप्पा. पुढचे दिवस कसे गेले कुणास ठाऊक— हवेत तंबाखूचा वास, दुपारचं पिवळं ऊन, पोरी वाचतायत आणि आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येतोय. अक्षरं कागदावरून उठून तरंगायची. आप्पा मागच्या बाकावर बसलेत असं वाटायचं. मी तिकडं बघत नसे— का बघत नसे?

एका शनिवारी पोरींनी घरून कात्रणं आणली. शेवंतानं आणली निधनवार्ता. शेवंता सदलग्याची, आप्पांच्या शेजारची; इथं मावशीकडं राहून शिकायची. तिनं वाचलं, "अल्पशा आजाराने दुःखद निधन." मग हळूच म्हणाली, "बाई, ह्ये कुणी सांगिटलं? आप्पा वरीसभर हातरुणात हुतं. माझी आई पेज पाजायची."

तिला खोडी काढायची नव्हती. मी शिकवलेलंच ती करत होती.

ती ओळ मीच लिहून दिली होती. आप्पा वर्षभर वाट बघत होते. बसनं तासाभराचा रस्ता— आणि मी गेले दोनदा. त्या खोलीचा वास मला सोसत नव्हता. बस्स, एवढंच. 'अल्पशा' लिहिलं की लेक कुठं होती, असं कोण विचारणार?

मी शेवंताला उभं केलं. सगळ्या वर्गासमोर म्हटलं, खोटारडी आहेस. पेपरात छापलंय, ते खरं. पोरी हसल्या. माझे दोन प्रश्न पाठीमागं फळ्यावर तसेच होते.

"व्हय, बाई," ती म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं— छापलंय ते खरं. पुढं वह्या तपासायला आल्या, तेव्हा ते पान माझ्यासमोर आलं. मी त्यावर बरोबरची खूण केली.