थंड दूध

हे मी कुणाला बोलले नाही. लेकाला नाही. देवापुढं बसूनसुद्धा नाही. तुम्हाला सांगते — का सांगते, ते विचारू नका.

इथं आखातात, खलिफा सिटीत लेकाकडं राहते मी. नात अन्वी तेव्हा सहा वर्षांची. तिला इसब. कोपराच्या खाचा, गुडघ्यामागं, मान — लाल, पाणी सुटलेलं. इथं दिवसभर एसी, कातडी आणखी तडकायची. झोपताना हातांना मोजे घालायचो. मी काय कमी बघितलंय? नवरा लवकर गेला, वीटभट्टीवर राबून लेक वाढवला. पण सकाळी चादरीला चिकटलेलं पोर सोडवताना डोळे मिटून घ्यायची मी.

सुनेनं एक कोरियन वैद्य शोधला. मीही गेले. त्यानं नाडी बघितली, जीभ बघितली. सून मला मराठीत सांगत होती — रोग कातडीत नाही, पोटात आहे. आत उष्णता साठलीय. पाकिटातला काळा कडू काढा दिला. आणि दूध, अंडं, तळलेलं बंद.

उष्णता! एवढंच ना? हे तर मला कळतं. उष्णतेवर थंड दूध, त्यात भिजवलेला सब्जा — आमच्याकडं दुसरं काय देतात? आणि हा म्हणतो दूध बंद. परका माणूस, त्याला आपल्या पोटाचं काय ठाऊक?

सून ऑफिसला गेली की रोज पेलाभर द्यायची मी. पोरगी घाबरायची. "आजी, मम्मा सेड नो मिल्क." मग मी शपथ घातली तिला — माझ्या गळ्याची. सांगितलंस तर आजी मरेल म्हटलं. एवढ्याशा जिवाला.

इसब भडकलं. मानेवर पिवळं पाणी. वैद्य म्हणाला, पोटात काहीतरी चुकीचं जातंय. घरी आल्या आल्या सुनेनं तिला धरलं. "चोरून काय खातेस? खोटारडी कुठली!"

"आय डिडन्ट ईट एनीथिंग!"

खोटं कुठं होतं ते? खाल्लं नव्हतंच, प्यायली होती. सुनेनं मारलं — कधी हात न उगारणारी बाई, त्या ओल्या कातडीवर मारलं तिनं. पोरगी मार खाताना माझ्याकडं बघत होती. मी मरते की काय, ते बघत होती.

मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

भीती कसली होती? गावाला परत पाठवतील? पाठवलं असतं तर काय झालं असतं?

दुसऱ्या दिवसापासून दूध बंद केलं. तोंड नाही उघडलं. इसब काही लगेच उतरलं नाही; काढाही सुटला, वैद्य लबाड ठरला — मीही मान डोलावली.

अन्वी आता अकरा वर्षांची आहे. मानेवरचे काळे डाग केसांनी झाकते. पाहुणे आले की सून हसत सांगते, ही लहानपणी फार खोटं बोलायची. अन्वी खाली बघते.

"शपथ सुटली" — एवढं म्हटलं की सुटते शपथ. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. मी अजून म्हटलेलं नाही.