गिरणी पुन्हा चालू करा

भूकंपानंतर कित्येक दिवस लातुरात जमीन अधूनमधून हादरायची. अशाच एका दुपारी मांडणीवरची भांडी खणखणली आणि आमची सगळी गल्ली ओरडत रस्त्यावर आली. मी मात्र उलटी घरात धावले. माझी चार वर्षांची लेक आत होती. तिला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. ती पोटात असताना मला ताप येऊन अंगभर पुरळ उठलं होतं, त्याचाच हा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले होते. आत जाऊन बघते तर पोरगी फरशीवर पालथी, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून खदखदा हसत होती!

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “लोकायचा जीव चाललाय, अन् ही हसून राहिली!”

वर्षभरानं एक बाई आमच्या घरी येऊ लागल्या. अशा मुलांना घरी जाऊन शिकवायचं त्यांचं काम. पहिल्याच दिवशी मी त्यांना हे हसणं सांगितलं, जरा लाजतच. बाई ताडकन उठल्या.

“वहिनी, म्हणजे हिला थरथर कळते, आवडते! जवळ पिठाची गिरणी आहे का?”

गिरणी कोपऱ्यावरच होती. डबे घेऊन बायका बसलेल्या. बाईंनी लेकीचा तळवा पट्ट्यापासून लांब, गिरणीच्या लाकडी चौकटीवर ठेवला. गिरणी सुरू झाली आणि लेकीचा चेहरा असा फुलला, की मी बघतच राहिले. मग बाईंनी गिरणीवाल्याला बंद करायला सांगितलं. पुन्हा सुरू करायच्या आधी त्यांनी लेकीच्या हातावर हलकेच दोनदा थाप मारली. असं कितीदा तरी केलं. डबेवाल्या बायका कुरकुरायला लागल्या. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग एकदा गिरणी बंद झाली आणि बाईंनी थापच मारली नाही. मी पुढं झाले, तर त्यांनी मला अडवलं. “थांबा. तिला विचार करू द्या.”

लेक चुळबुळली. हवेत हात फिरवून तिनं बाईंचा हात शोधला, आणि त्यावर दोनदा थाप मारली.

“मागितलं!” बाई ओरडल्याच. “लावा, गिरणी लावा!”

“बोलली की ओ पोरगी!” गिरणीवाला खटका दाबत म्हणाला. मघाशी कुरकुरणाऱ्या बायका आता पुढं सरकून म्हणत होत्या, “आमचं दळण ऱ्हाऊ द्या, अजून एकदा करा!” मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या लेकीनं कुणाकडं काहीतरी मागितलं होतं.

त्यानंतर तिला खुणांची चटकच लागली. सासूबाईही तिच्या तळहातावर बोलायला शिकल्या.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा आम्ही वरच्या खोल्या शिकायला आलेल्या मुलींना दिल्या आणि मेस सुरू केली. लेक आता मोठी झाली होती, ताटं मांडायची. देवणीकडची एक मुलगी नवीन आली होती. एकदा जेवायला बसली आणि ताटावरच रडायला लागली. पाणी ठेवताना लेकीचा हात तिच्या ओल्या गालाला लागला. लेक थबकली. मग तिनं माझं मनगट चाचपलं, बांगड्या धरल्या, आणि दुसऱ्या हातानं त्या मुलीकडं दाखवून तळवा उताणा केला. बांगड्या म्हणजे आई, ही आमची खूण. ती विचारत होती, हिला आईची आठवण येतेय का?

आजवर ती स्वतःसाठीच मागत आली होती. दुसऱ्याच्या मनातलं तिनं कधीच विचारलं नव्हतं. मी त्या मुलीला तिच्याजवळ बसवलं आणि पिठाच्या हातानंच खाली आमच्या दुकानात पळत गेले. हे गिऱ्हाईकाला काहीतरी तोलून देत होते.

“अहो, तराजू ठेवा,” मी धापा टाकत म्हणाले, “आधी वर चला!”