लाईनवर आणणं

शाळेतल्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशात मी एकदा ‘लाईन’ हा शब्द काढून पाहिला होता. स्तंभ भरून अर्थ होते: रेघ, दोरी, सुरकुती, कवितेची ओळ, घराणं, आगगाडीचा रस्ता. शेवटपर्यंत वाचत गेले आणि कोश धाडकन मिटला. आमच्या घरातला अर्थ त्यात नव्हताच.

पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या खोल्यांची जी लांबलचक चाळ होती, तिला आम्ही लाईन म्हणत असू. दादा, म्हणजे माझे वडील, लाईनवर, म्हणजे रुळांवर, मुकादम होते. रूळ सरकला की त्यांच्या गँगचे गडी खाली पहारी घालायचे, दादा हाळी द्यायचे, “जोर करा गड्यांनो!” आणि सगळे एका दमात “हैश्शा!” म्हणून ते लोखंड जागेवर आणायचे. नळापुढं घागरी मांडायच्या तीही लाईनच. पोलीस ॲक्शन झालं, निजामी गेली, साहेब बदलले, पाट्या बदलल्या. लाईन तेवढी लाईनच राहिली.

आणि दाजी म्हणायचा, “तिला लाईनवर आणायलोय.”

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा, इंजिनावर फायरमन. त्याला ‘अहो-जाहो’ लिहायला माझा हात आजही धजत नाही. त्याला क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून दादांनी आमच्याच दोन खोल्यांतली एक त्याला दिली होती. आमच्याच छताखाली, आमच्याच भाकरी खाऊन तो अक्काला मारायचा. चहा गार झाला म्हणून, दार उशिरा उघडलं म्हणून, ती हसली म्हणून. पितळी बक्कलाच्या पट्ट्यानं मारायचा. मारायच्या आधी आतून कडी लावायचा. त्या कडीचा आवाज आला की माय हातातलं काम टाकून भिंतीला कान लावायची. अक्काचा डावा कान गेला तो तिथंच. पहिलं पोर त्याच्या लाथेनं पोटातच गेलं.

माय रोज दादांच्या मागं लागायची. “अवो, लेक मरंल की माजी!”

दादा मान खाली घालून म्हणायचे, “जावई हाय. त्याच्या संसारात आपुन कसं बोलावं?” गँगमधला गडी जरा चुकला तर दादा त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. जावयापुढं मात्र त्यांची बोबडी वळायची. मला दाजीपेक्षा दादांचा राग जास्त यायचा, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

अक्काला पुन्हा दिवस गेले. पोट दिसायला लागलं होतं. माय तिला डोळ्यांआड होऊ देत नव्हती.

एका दुपारी नळ सुटला. सगळ्या बाया नळावर होत्या. अक्का आली नव्हती, पण तिची घागर लाईनीत होती. आमच्याकडं रीतच होती. बाई नसली तरी तिची घागर शेजारीण पुढं सरकवायची. घागर नळाखाली आली, भरली, वाहायला लागली, तरी अक्का आली नाही. मायनं नळ बंद केला. त्या शांततेत अक्काच्या खोलीतून आवाज आला, “पोटावर नको! पोटावर नको वो!”

माय पळाली, मागं आम्ही सगळ्या. दाराला आतून कडी. मायनं ओसरीतली दादांची पहार उचलली, बिजागरीच्या फटीत घातली. दहा हात त्या पहारीवर पडले. आणि मायनं हाळी दिली, अगदी दादांच्या सुरात, “जोर करा गड्यांनो!”

“हैश्शा!”

बायांना गडी म्हटल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिसऱ्या हैश्शाला दार चौकटीतून निघून आत पडलं.

अक्का कोपऱ्यात पोटाभोवती हात आवळून गोळा झाली होती. तिची पाठ सोललेली होती. दाजीनं वळून पट्टा फिरवला, तो शेजारच्या काकूंच्या गालावर बसला आणि रक्ताची धार लागली. त्यानं पुन्हा हात उचलला तेव्हा मायनं त्या हातावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला भीती वाटली नाही. लय बरं वाटलं. आज लिहितानाही बरं वाटतंय.

मग बायांनी त्याचे पाय धरले. खडीवरून फरफटत त्याला रुळांपलीकडं नेऊन टाकलं. काकूंनी गाल पदरानं दाबून त्याची ट्रंक त्याच्या अंगावर भिरकावली.

“पोलिसात जातो, रांडांनो!” तो ओरडला.

“जा की,” माय धापा टाकत म्हणाली. “हे दार, लेकीची पाठ, समदं दाखवते त्यास्नी. पुन्हा इकडं दिसलास तर दुसरा हातबी ठिवणार न्हाई.”

तो पोलिसात गेला नाही. त्या संध्याकाळच्या गाडीनं गेला, तो गेलाच.

दादा कामावरून आले. दार आडवं, पहारीला रक्त, अक्का पालथी निजलेली, माय तिच्या पाठीला हळद लावत बसलेली. अक्का म्हणाली, “हललं गं माय. आत्ता हललं.” दादांनी तोंड फिरवलं आणि हातोडी घेतली.

दार बसवून झालं. मग ते आतली कडी उपटायला लागले. खिळा निघत नव्हता. “ही ब्यादच नको,” ते पुटपुटले. “आतून कडी म्हणून ऱ्हायलाच नको ह्या दाराला.”

अक्का हाताच्या कोपरावर रेटा देऊन उठली. भिंत धरत दारापर्यंत आली आणि तिनं दादांच्या हातातली हातोडी काढून घेतली.

“ऱ्हाऊ द्या, दादा,” ती म्हणाली. “आता मी लावणार हाय ती.”

तिनं दादांना आणि आम्हालाही बाहेर व्हायला सांगितलं. मग दार लोटलं, आणि आम्ही ओसरीत उभं राहून कडीचा आवाज ऐकला.